माहेश्वरी साडीचं कव्हर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गाडीच्या सीटचं फाटलेलं कव्हर काढून नवं घालणं. हिने आपली जुनी निळी माहेश्वरी साडी कापून ते शिवलं होतं. "ओढा ना नीट, जोर संपला का तुमचा?" म्हणाली. मग लालबागच्या राजवाड्यापर्यंत चक्कर मारून आलो. काच खाली करून ही डोळे मिटून बसली होती, गाडी जशी पाण्यावरून चालली होती. पुढच्या आठवड्यात ही गेली.

आता गल्लीत बिनआवाजाच्या, बिजलीच्या गाड्या फिरतात. मुलगा म्हणतो, "बाबा, तुमची पेट्रोलची भंगारात जाईल, आत्ताच विका." मी मल्हारगंजच्या, गाड्या दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या मिस्त्रीला बोलावलं. तो म्हणाला, "बाबूजी, बेचना मत. पेट्रोलवाल्या कमी झाल्या की शौकीन लोक हिला शोधत येतील. पण सगळं ओरिजिनल पाहिजे. हे साडीचं कव्हर काढा, आणि चालवणं बंद करा."

मला पटलं. वाटलं, गाडी तरी मागे राहील. संध्याकाळी कव्हर काढलं. खाली काळं, कोरं रेक्झिन निघालं, तिथे कधी कोणी बसलंच नव्हतं असं. त्या रात्री झोप अशी लागलीच नाही, नुसता निळा रंग डोळ्यांपुढे हलत राहिला.

सकाळी उठून कव्हर परत चढवलं. एकट्याला ओढवेना, म्हणून गुडघा टेकून ओढलं. चोक खेचला, गाडी खोकली आणि चालू झाली. हिच्या बाजूची काच खाली केली आणि लालबागकडे निघालो.