कुलपातला फोन

टेलिफोन खात्यात मी उभा जन्म काढला. आधी ऑपरेटर, मग तक्रारींच्या टेबलावर, शेवटी त्या टेबलाची साहेबीण. पण अमडापूरच्या घरात फोनच्या बाबतीत माझं काडीचंही चालत नाही. तिथे आईचा नियम चालतो. सुलतानपूरला आपण फोन करायचा नाही, तिकडून येईल तेव्हाच बोलायचं.

सुलतानपूरला माझी मावशी राहते, आईची धाकटी बहीण. रोज दुपारी चार वाजता तिचा फोन येतो. आईला मोबाईलवर धड ऐकू येत नाही आणि मावशीची नजर काचबिंदूने पार नेली, म्हणून दोघींनीही तारेचा फोन सोडलेला नाही. दोघी बोलतात ते मेथीच्या भावापासून सुनेच्या मैत्रिणीच्या नणंदेपर्यंत काहीही असतं. त्या वेळात घरात कुणी मिक्सर लावलेला आईला खपत नाही.

गेल्या वर्षी हिवाळ्यात एका सोमवारी तो फोन आला नाही. मंगळवारीही नाही. आई चारला फोनपाशी जाऊन बसायची आणि पाचला उठायची. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, आपणच लावू. तिने माझा हात धरला. "तिचा येईन. आपून कराचा नसते."

हा नियम का पडला, ते मला पक्कं माहीत होतं, आणि तरीही मी पुढे जी चूक केली तिला क्षमा नाही.

मावशीच्या सासऱ्यांकडे जमीन भरपूर आणि भाजीपाल्याची अडतही होती. बाजारभाव कळावा म्हणून त्यांनी फोन घेतला. काळा, जड, बोट घालून फिरवायच्या तबकडीचा. आल्या दिवशीच त्यांनी त्या तबकडीला इवलंसं पितळी कुलूप घातलं आणि चावी करदोट्याला बांधली. तेव्हा अशी कुलपं गावोगाव असत, त्यात काही जगावेगळं नव्हतं. आलेला फोन घेता येई, पण करता येत नसे. शिवाय आलेला फोन पहिल्यांदा सासरेच उचलत, आणि सुनेच्या माहेरचा आवाज ऐकला की "बरं आहे सगळं" म्हणून ठेवून देत. म्हणून तिथे आपण फोन करायचा नाही.

मी त्याच सुमाराला खात्यात नवी लागले होते. प्रशिक्षण केंद्रात भिंतीवर एक मोठा तक्ता होता, जगात कुठल्या देशात किती घरांमध्ये फोन आहेत त्याचा. काही देशांत घरटी फोन, आपल्याकडे आख्ख्या गावात एखादा. आमचे शिक्षक त्या तक्त्यावर काठी आपटून म्हणत, आपल्याला इथून इथपर्यंत जायचं आहे. मला तो तक्ता तेव्हा फार थोर वाटायचा. मग दिवाळीत मावशीकडे गेले, ते पितळी कुलूप पाहिलं, आणि माझं डोकंच फिरलं. तक्त्यात हे घर फोनवालं म्हणून मोजलं जाणार आणि घरातल्या बाईला तिच्या बहिणीशी चार शब्द बोलता येणार नाहीत. तो तक्ता करणाऱ्यांना मी आजही ऑफिसात बोलावून जाब विचारेन.

मी मावशीला त्याच दुपारी शिकवलं. रिसीव्हर ठेवला की दबते ती खुंटी असते ना, तिच्यावर बोटाने टिचक्या मारायच्या. जितका आकडा, तितक्या टिचक्या. शून्याला दहा. टिचक्या भराभर, आणि एक आकडा संपला की श्वासभर थांबायचं. खांबावर चढलेले आमचे लाईनमन असाच फोन लावत. कुलूप तबकडीला असतं, खुंटीला कोण कुलूप घालणार? मावशीने दोनदा चुकवलं, तिसऱ्यांदा आईला फोन लागला. आई पलीकडून हॅलो म्हणाली आणि मावशीने पदर तोंडात कोंबला, हसू बाहेर पडू नये म्हणून.

तेव्हापासून सासरे चारला चहाला बाहेर पडले की ती फोन करायची. बिलावर तेव्हा कुणाला फोन लावला ते छापून येत नसे. बिल तेवढं फुगायचं. एक दिवस सासरेबुवा धोतर सावरत तालुक्याच्या आमच्या ऑफिसात येऊन उभे. कुलूप लावलेलं असताना फोन जातातच कसे, एक्सचेंजवाले चोर आहेत, अशी त्यांची तक्रार. ती मीच लिहून घेतली, चेहऱ्यावरची रेषही न हलवता. लाईनमन जाऊन तपासून आला. मी खाली शेरा मारला, "दोष आढळला नाही." पुढच्या भेटीत मावशीला हे सांगितलं तेव्हा ती चुलीपुढे पदर तोंडात धरून इतकी हसली की भाकरी करपली.

सासरे गेले, मावसोबाही गेले. काळा फोन जाऊन बटणांचा आला. मावशीचे दिवस पालटले असं मी धरून चालले.

तर मागच्या हिवाळ्यात, चौथ्या दिवशी, मी आईच्या नकळत मावसभावाच्या मोबाईलवर फोन केला. तो मोठ्या उत्साहात होता. घरी फायबर आलं होतं, जुनी तांब्याची तार गेली होती. मला म्हणाला की ताई, आता जगात सगळीकडे तांबं काढून राह्यले, कित्येक देशांत तर घरच्या फोनपर्यंत गोष्ट गेलीच नाही, लोक थेट मोबाईलवर आले. आपल्याकडे नंबर तोच ठेवून नवा डबा बसवून देतात. सगळं झकास चालू आहे. मग त्याचा आवाज उतरला. आमच्या आईचं मात्र काही खरं नाही, म्हणाला. फोन मेला म्हणते. आम्ही लावला की लागतो. लावून हातात दिला तर ठेवून देते, मले लावून नको देऊ म्हणते. तासन्‌तास फोनशी हात खेळवत बसते. डोक्यावर परिणाम झाला असावा. शनिवारी बुलढाण्याला डोक्याच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे, आणि तिला त्रास नको म्हणून तिच्या खोलीतला फोनही काढून ठेवणार आहे.

शुक्रवारी सकाळी मी एसटी पकडली. चिखली, मेहकर, सुलतानपूर. वाटभर मी स्वतःला समजावत होते की वय झालं की असं होतं.

पोचले, हातपाय धुतले आणि सरळ फोनकडे गेले. तक्रारीच्या टेबलाची सवय. रिसीव्हर उचलला, टोन स्वच्छ. बटणं दाबून माझा मोबाईल लावला, वाजला. मी मावशीला अधिकाराने सांगितलं, "मावशी, फोन चांगला हाय. काहीच बिघाड नाई."

मावशी पलंगावर बसली होती. तिने चेहरा माझ्याकडे वळवला.

"तू पण तसंच म्हणतं का?"

एवढंच म्हणाली. भांडली असती तर मी भांडून घेतलं असतं. पण ती उठली, भिंतीला हात लावत फोनपाशी आली, रिसीव्हर कानाला लावला आणि दुसऱ्या हाताचं बोट खुंटीवर ठेवलं. दहा टिचक्या, थांबा. पुन्हा भराभर टिचक्या, थांबा. एकही चूक नाही. आकडे मला तोंडपाठ होते, आमचाच नंबर तो.

  इतकी वर्षं ती टिचक्याच मारत होती, आणि जुनी तार त्या टिचक्या मुकाट्याने समजून घेत होती. नव्या डब्याला फक्त बटणांची भाषा येते. मी तिच्या कानाशी कान नेला. ती टिचक्या मारत होती आणि प्रत्येक टिचकीमागे तोच टोन पुन्हा वाजत होता, एकही आकडा पोचत नव्हता. ज्या बाईला हे शिकवलं मी, तिलाच मी बिघाड नाही म्हणून सांगून मोकळी झाले. लाज वाटली, आणि स्वतःचा संताप आला.

मावसभाऊ आणि त्याची बायको दारात उभे होते. मी हळूच विचारलं, सांगू का त्यांना?  मावशी म्हणाली, सांग, आता चहाले जाणारं कोणी राह्यलं नाई.

मी सगळं सांगितलं. कुलूप, करदोटा, खुंटी, तक्रार. सून हळूच पुढे आली आणि त्या खुंटीवर तिने बोट टेकवून पाहिलं. मावसभावाच्या कपाळाला मात्र आठी पडली. त्याने विचारलं की आजोबा गेल्यावर चावी तुह्याच कमरेले होती, मग कुलूप काऊन नाही काढलं? नंतर तर बटणं आली.

मावशी म्हणाली, "चावीनं लावला असता तर तो तुह्या आजाचा फोन झाला असता. टिचक्यांचा फोन माहा होता."

 सून चहा ठेवायला गेली.

चहानंतर मी मावशीचं बोट धरून बटणांवर नेलं. बरोबर मध्ये पाचावर एक बारीक टिपका असतो, तो सापडला की बाकीचे सगळे त्याच्या शेजारीपाजारी. शून्य एकदम खाली, आठाच्या पायाशी. तिने तोंड वाकडं केलं, शून्याला एकच दाबायचं म्हणजे फार आळशी काम आहे म्हणाली. चारला दहा कमी असताना मी हात काढून घेतला. तिने टिपका शोधला आणि ओठ हलवत एकेक आकडा दाबला, आपल्या बोटाने. पहिल्याच रिंगला पलीकडे उचललं. आईचा आवाज खोलीभर आला. "काऊन नाई केला एवढे दिवस?"

"फोन बिघडला होता," मावशी म्हणाली, आणि आंधळे डोळे बरोबर माझ्या दिशेला वळवले.

दारातून मावसभावाने हातातला मोबाईल दाखवत हळू आवाजात विचारलं, "ताई, मंग उद्याच्या डॉक्टरले काय सांगू?"

मी तक्रारीच्या टेबलावरच्या आवाजात म्हटलं, "सांग, दोष आढळला नाही."

मावशीने ते ऐकलं. तिचा हात सवयीने पदराकडे गेला, अर्ध्यावर थांबला, आणि ती तोंड उघडं टाकून, दारातल्या लेकाला आणि पलीकडच्या बहिणीला ऐकू जाईल अशी मोठ्यानं हसली.