भावोजींचे घाबरलेले उंदीर

माझ्या भावोजींइतका अस्वस्थ माणूस मुळगावातच काय, गोव्यात पेडण्यापासून मुरगावपर्यंत झाला नसेल. बसल्या जागी त्यांचे दोन्ही गुडघे उडत, जेवताना पाट दोन वीत पुढे सरके, आणि आरामखुर्ची तर त्यांच्यासकट डुलत डुलत एकदा अंगणात पोचली. वर हाच गृहस्थ जगाला शांत राहायला सांगे! प्रयोगशाळेतल्या नोकरीत उंदरांना तरतरीचं औषध टोचता टोचता त्यांना एक साक्षात्कार झाला होता. सुखी उंदीर त्या औषधानं पिंजऱ्यात चार फेऱ्या मारतो; भेदरलेला उंदीर तेवढ्याच थेंबानं वेडापिसा होतो. "काळजीनं रक्तात एक रस उतरतो रे, तो मेंदूची दारं सताड उघडून ठेवतो. मग औषध शिरतं ते थेट देवघरापर्यंत!" चहा हेही तरतरीचंच औषध, म्हणून त्यांच्याकडे तो मिळे काळजीच्या कबुलीजबाबानंतरच. "पयलीं सांग, घोर कसलो? च्या मागीर." बायकोशी भांडून आलेल्या पोस्टमनला त्यांनी शेवटी कोकम सरबतावर वाटेला लावलं.

त्यांचा धाकटा भाऊ बाबलो खनिजाचा ट्रक चालवायचा. जाग राहावी म्हणून गुपचूप एक गोळी घेई, आणि एरवी निभावून जाई. एका सकाळी त्याची बायको बाळंतपणात अडली. माल नदीवरच्या धक्क्यावर उतरवून मग इस्पितळ गाठू, म्हणून हा ट्रकांच्या रांगेत घायकुतीला आलेला. इस्पितळातून पुढचा निरोप घेऊन भावोजी पोचले, तर बाबलो रस्त्यावरच्या म्हशींना हॉर्न मारत होता. म्हैस एकही नव्हती. पुढे धक्क्याचा तीव्र उतार.

"कितल्यो घेतल्यो?"

"एकूच रे दादा, रोजची!"

भावोजींनी चावी काढून खिशात घातली आणि ते स्वतः चाकापुढे आडवे झाले. "दादा, माजो नंबर गेलो!" बाबलो रडकुंडीला. मागून ट्रक बोंबलतायत, आणि भावोजी आडव्यानंच ड्रायव्हरांना उंदरांवर व्याख्यान देतायत. "सायबा, उठ," एकजण ओरडला, "ना जाल्यार चाकाखाला तुजोच उंदीर जातलो!"

नंबर गेलाच. कुणीतरी बाबलोला स्कूटरवर इस्पितळात पोचवलं, मुलगी झाली. तरी बाबलो वर्षभर भावाशी बोलला नाही. रांगेच्या शेपटाला गेलेला नंबर ड्रायव्हर विसरत नाही.

परवा माझ्या ताईचं ऑपरेशन होतं. भावोजी बाहेरच्या बाकावर पाचवा चहा घेऊन बसले होते. कप बशीत टकटक वाजत होता. बाबलो आला. आता त्याचेही केस पिकलेत. त्यानं कप हळूच काढून घेतला आणि शेजारी टेकला.

"पयलीं सांग दादा, घोर कसलो? च्या मागीर."

भावोजींनी उंदरांचा विषय काढला नाही. बाबलोच्या खांद्यावर डोकं टेकलं, एवढंच. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचे गुडघे थांबलेले पाहिले.