वारस अज्ञान, अ.पा.क. आई

माझा धाकटा भाऊ एक्केचाळिसाव्या वर्षी पुण्यात टेकडीवर पळता पळता पडला आणि गेला. "अटॅक," सगळे म्हणाले. मीही कॅनडातल्या किचनरहून गेले, तेराव्यापर्यंत राहिले आणि परत येऊन विचारेल त्याला तेच सांगत बसले.

काही महिन्यांनी गावच्या जमिनीवर त्याच्या मुलांची वारस नोंद लावायची वेळ आली. त्याबरोबर मीही माझा हक्कसोड करून द्यावा, अशी चुलतभावाची प्रेमळ सूचना आली. लेकीबाळींची आठवण आमच्या घराला सहीपुरतीच येते. मी फणकाऱ्यानं म्हटलं, "आधी सगळे जुने फेरफार पाठव. पार इंग्रजांच्या काळापासूनचे. वाचल्याशिवाय मी सही करणार नाही." खरं तर मला जमीन नकोच होती. त्याला तालुक्याला चार हेलपाटे घालायला लावावेत, एवढीच इच्छा होती.

त्यानं ते घातले. मोडीतले कागद एका जाणकाराकडून वाचून घेतले आणि एका शनिवारी सकाळी सगळं माझ्या व्हॉट्सॲपवर आलं. नवरा आमच्या तेरा वर्षांच्या लेकीला स्विमिंग प्रॅक्टिसला सोडून ग्रोसरीला गेला होता. मी चहा घेऊन वाचायला बसले.

सगळ्यात वर भावाची ताजी नोंद: खातेदार मयत, वारस मुलगा व मुलगी अज्ञान, अ.पा.क. आई. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वारस वयानं लहान असला की हे लिहितात. त्याखाली आमच्या वडिलांची: वारस मी आणि भाऊ, अज्ञान, अ.पा.क. आई. त्याखाली आजोबांची: वारस मुलगा अज्ञान, अ.पा.क. आई. मग मोडीतली, पणजोबांची. शब्द जुने, मजकूर तोच. मुलगा लहान, वहिवाट आई पाहते.

चार पिढ्यांत एकाही बापानं पोराला मिसरूड फुटलेलं पाहिलं नव्हतं.

आमच्याकडे प्रत्येक मरणाची वेगळी गोष्ट होती. पणजोबांवर भावकीनं करणी केली. आजोबांना शेतात पान लागलं. साप मात्र कुणी पाहिला नाही. वडिलांना सिगारेटनं अटॅक आला, भावाला ऑफिसच्या टेन्शननं. त्यामुळे ही मरणं कुणी एकाशेजारी एक ठेवून पाहिलीच नाहीत. तलाठ्याच्या वहीत ती तशी होती, पण तलाठ्याला काय त्याचं?

हे पुरुषांचंच दुखणं असणार, असं म्हणून मी स्वतःला धीर दिला. मग लक्षात आलं, कागदावर बायका आहेत त्या सगळ्या आया, म्हणजे बाहेरून आलेल्या सुना. या घरात जन्मलेली मुलगी माझ्याआधी कुठेच नव्हती. वाटा नाही म्हणून नोंद नाही. त्या जगल्या की लवकर मेल्या, हे मला त्या कागदांतून कधीच कळणार नव्हतं.

मी साताऱ्याला आत्याला फोन लावला. वडिलांची ही बहीण चौऱ्याऐंशीची आहे.

"आत्या, आपल्या घरातली कुणी मुलगी लहान वयात गेली होती का गं?"

"आज बरी आठवण झाली मेलेल्यांची!" ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "माझी थोरली बहीण. अक्का. सोळाची होती. तिचं नाव काढायचं नाही, असं आईनं बजावलं होतं."

"का?"

"नदीत जीव दिला ना तिनं. पट्टीची पोहणारी होती. अशी पोरगी बुडंल कशी? सगळा गाव म्हणाला, काहीतरी भानगड असणार."

"तू होतीस तिथं?"

"काठावर धुणं धूत होते. हसत हसत सूर मारला तिनं. वर आलीच नाही."

फोन मी नीट ठेवला की नाही, आठवत नाही. ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल केलेला नव्हता. माझ्या गाडीचं चाक जागच्या जागी फिरत राहिलं आणि मी मोठमोठ्यानं देवाला शिव्या घातल्या. प्रत्येक लाल सिग्नलला मला लेक पूलच्या तळाशी दिसत होती. भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हाही मी एवढी भ्यायले नव्हते. ते घडून गेलं होतं. हे अजून घडायचं होतं.

बर्फाच्या बुटांसकट मी पूलच्या कडेपर्यंत धावले. पाण्यात सगळ्या टोप्या निळ्या, एकसारख्या. मी तिच्या नावानं किंचाळले. कोचनं शिट्टी वाजवली आणि एक टोपी थांबली.

"आई! व्हॉट आर यू डूइंग? यू आर सो एम्बॅरसिंग!"

"बाहेर ये. आत्ता."

"आय हॅव टू मोअर लॅप्स!"

"बाहेर ये म्हणते ना!" माझा आवाज असा चिरकला की ती मुकाट्यानं वर चढली. कोचला काय सांगणार होते मी? पणजोबांचा फेरफार वाचला म्हणून?

फॅमिली डॉक्टरनं मात्र सगळं शांतपणे लिहून घेतलं आणि हृदयाच्या तज्ज्ञाकडे पाठवलं. तपासण्या झाल्या. ठोक्यांतला दोष निघाला, वंशातून येणारा. हृदय दिसायला धडधाकट, पण पळताना, पोहताना एकाएकी ताल चुकून थांबू शकतं. तो मला आहे. लेकीला आहे. पुण्यात भावाच्या मुलीला आहे, मुलाला नाही. रोज गोळ्या, आणि पोहणं बंद. लेक महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. मी अजून रोज सकाळी तिचं पांघरूण श्वासाबरोबर हलतंय का, ते दारातून बघते आणि मगच चहा ठेवते.

आत्याला कळवायला मला धीर होईना. शेवटी एका रविवारी सोपं करून सांगितलं: घराण्यातलं दुखणं आहे, पाण्यात असताना हृदय अचानक थांबतं, कितीही चांगलं पोहता येत असलं तरी. गोळ्या लागू पडतात का, एवढं तिनं विचारलं.

"म्हणजे अक्कानं जीव दिला नव्हता."

"नाही, आत्या."

"आई मरेपर्यंत मला विचारायची गं," ती म्हणाली, "की त्या दिवशी मी माझ्या पोरीला असं काय बोलले होते?"