आग्नेसला चिडवण्याचा प्रयोग

मच्याडो सर पहिल्यांदा ‘उन्नती ग्राफिक्स’मध्ये शिरले त्या दिवशी माणिकपूरच्या स्टँडवरच्या सगळ्या रिक्षा एकदम बंद पडल्या, समोरच्या बेकरीच्या काचेतल्या तीनमजली केकचा वरचा मजला खाली बसला आणि दुकानातल्या झेरॉक्स मशीनने कोणी हात न लावता अकरा कोरे कागद बाहेर फेकले. निदान दुकानाचा मालक सुधाकर पेडणेकर तरी असंच सांगतो. त्याच्या सांगण्यात रिक्षांची संख्या दरवर्षी वाढते. केक मात्र तीनमजलीच राहतो, कारण थापांनाही काही मर्यादा असावी असं त्याचं मत आहे.

खरं एवढंच, की एक उंच, काटकुळा माणूस दारातून वाकून आत आला आणि त्याने काउंटरवर शाळेच्या प्रयोगवहीचं पान ठेवलं.

“मयताचं कार्ड करायचंय. शेजाऱ्याचं. मजकूर मी लिहिलाय. एक अक्षर बदलायचं नाही.”

वसईच्या ख्रिस्ती घरांत माणूस गेला की महिन्याच्या आणि वर्षाच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, खिशात मावेल एवढं कार्ड वाटतात. पुढे फोटो, मागे दोन तारखा आणि चार ओळी. सुधाकर मूळचा मालवणकडचा, राहायला बोळिंजला, आणि या चार ओळींचा घाऊक पुरवठादार. त्याच्याकडे बावीस नमुन्यांची फाईल होती. गिऱ्हाईक डोळे पुसत आकडा सांगायचं, सुधाकर गंभीर चेहऱ्याने छापायचा. सर्वांत जास्त खप सात नंबरला. ‘आठवणींच्या हिंदोळ्यावर झुलते आमुचे मन’. त्या हिंदोळ्यावर त्याने अर्धी वसई झुलवली होती.

मच्याडो सरांच्या पानावर हिंदोळा नव्हता. तिथे लिहिलं होतं:

‘ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते.
बाबा गेले नाहीत. बाबांचे रूपांतर चालू आहे.’

“हे छापू?” सुधाकरने विचारलं.

“का? नियम चुकीचा आहे?”

नियमाशी सुधाकरचा संबंध दहावीनंतर तुटला होता. त्याने छापलं. महिन्याच्या प्रार्थनेला त्या घरातली ट्यूबलाइट फडफडायला लागली. मयताची बायको, पाचूबंदरच्या कोळ्यांची लेक, ट्यूबकडे बघून भर प्रार्थनेत कडाडली, “जिता होता तवा पन असाच! धड चालू नाय, धड बंद नाय!” सगळे हसले, मग सगळे रडले. सुधाकरला हे कळलं तेव्हा तो बुचकळ्यात पडला. सात नंबरच्या कार्डाने आजवर एका घरात तरी असं काही घडवलं होतं का? त्याला आठवेना.

मग मच्याडो सर वरचेवर येऊ लागले. सर ही पदवी तशी चोरीची होती. रुडॉल्फ मच्याडो एका शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं मदतनीस होते, वर्गात कधी उभे राहिले नव्हते. पण शिक्षक बदलत राहिले आणि कुठल्या बाटलीत काय आहे हे फक्त यांना ठाऊक होतं, त्यामुळे जीव प्यारा असलेली सगळी मुलं त्यांनाच सर म्हणायची. निवृत्त झाल्यावर बाटल्या सुटल्या, नियम सुटले नाहीत. ओळखीत कोणी गेलं की ते घरी जात, गुडघ्यावर हात ठेवून गप्प बसत, आणि दोन दिवसांनी मेलेल्या माणसाला एखाद्या सूत्रात बसवून आणत.

सोबत बऱ्याचदा त्यांच्या पत्नी आग्नेसबाई असत. त्या लग्नाचे गाऊन शिवत. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय इतकी मुरलेली, की टाचण्या नसतानाही त्या ओठांच्या एका कोपऱ्यातूनच बोलत.

एकदा गावातला बावीस वर्षांचा पोरगा बाइकच्या अपघातात गेला. सरांनी त्याच्या आईसाठी लिहून आणलं:

‘उणे दोनशे त्र्याहत्तरच्या खाली तापमान जात नाही.
आज आम्ही तिथे आहोत.
म्हणजे उद्या जे होईल, ते वरच होईल.’

आग्नेसबाईंनी ते सुधाकरच्या खांद्यावरून वाचलं. “रुडी, त्या बिचारीचं पोर गेलंय, आणि तू तिला थर्मामीटर लावतोयस?”

“आग्नेस, हे शास्त्र आहे.”

“भाऊ, तुम्हाला सांगते,” त्या सुधाकरकडे वळल्या, “माझ्या कार्डावर याने असलं काही छापलं ना, तर कबरीतून उठून येईन. कात्री घेऊन येईन.”

“कापायला कोणाला? मला की सरांना?” सुधाकर म्हणाला.

“आधी याला. मग छापल्याबद्दल तुम्हाला.”

त्या पोराची आई पुढे दोन वेळा दुकानात आली. कार्ड पर्समध्ये ठेवून ठेवून त्याचे कोपरे सुटले होते, पुन्हा लॅमिनेट करून हवं होतं. हे सुधाकरने आग्नेसबाईंना मुद्दाम सांगितलं. त्या म्हणाल्या, “असेल. पण रुडीला सांगू नका, आणखी लिहील.”

गेल्या वर्षी आग्नेसबाई मशीनवर बसल्या बसल्याच गेल्या. गाऊनची एक बाही लावायची राहिली होती.

सुधाकरला वाटलं, आता सर पंधरा पानं आणणार, गुरुत्वाकर्षणापासून कृष्णविवरापर्यंत सगळं. त्याने कार्डाचा आकारही मनात वाढवून ठेवला. सर आले ते रिकाम्या हातांनी.

“सात नंबर टाका,” ते म्हणाले.

सुधाकरने निमूट हिंदोळा टाकला. सरांना सात नंबर विकताना त्याला पहिल्यांदाच आपल्या फाईलची लाज वाटली. त्यानंतर सरांनी लिहिणं बंद केलं. गावात माणसं मरत होती, पण सूत्राविना.

मग वर्षाच्या मिस्साला आठ दिवस उरले असताना सर पुन्हा दारातून वाकून आत आले. रिक्षा चालू राहिल्या. काउंटरवर तेच प्रयोगवहीचं पान, नेहमीच्या मथळ्यांसकट. सुधाकरने वाचलं.

उद्दिष्ट: आग्नेसला चिडवून परत आणणे.
साहित्य: कार्ड, तीनशे.
कृती: खालील मजकूर छापून वाटणे.
निरीक्षण: 

‘निरीक्षण’पुढची जागा कोरी होती.

“सर…”

“ती म्हणाली होती, उठून येईन. तुम्ही साक्षीदार आहात. महिन्याच्या वेळी माझी हिंमत झाली नाही. न आली तर काय, असं वाटलं. आता वर्ष झालं. एकदा करून बघतो.”

“सर, पण हे…”

“शक्यता फार कमी आहे, मला माहीत आहे, पेडणेकर. पण शून्य म्हणायला आधी प्रयोग करावा लागतो.”

सुधाकर मजकूर जुळवायला बसला.

‘प्रत्येक वस्तू दुसरीला ओढते.
अंतर दुप्पट झालं की ओढ पावपट उरते.
आपल्यातलं अंतर मला मोजता येत नाही.
तरी ओढ शून्य होत नाही, आग्नेस.
सूत्रात तशी सोयच नाही.’

त्याने अक्षराचा आकार उगाचच वाढवला, उगाचच कमी केला. मग चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि एसीला शिव्या घातल्या. एसी बंद होता.

तेवढ्यात सरांची मुलगी नॅन्सी आली. औषधांच्या दुकानात काम करणारी, डब्याची पिशवी खांद्याला. तिने सकाळीच फोन करून बजावलं होतं, की पप्पांनी काहीही आणलं तरी सात नंबरच छापायचा.

“अंकल, काय ठरलं होतं आपलं?” ती स्क्रीनकडे बघून म्हणाली. “पप्पा, सगळी मावश्या-मामांची फौज येणार आहे. हसतील. आणि मम्मीला हे बिलकुल आवडलं नसतं!”

“तेच तर पाहिजे,” सर म्हणाले.

“म्हणजे?”

सुधाकरने प्रयोगवहीचं पान तिच्यासमोर सरकवलं. आता ही ते फाडणार, की बापाला डॉक्टरकडे नेणार, एवढाच प्रश्न त्याला पडला होता.

नॅन्सीने उद्दिष्ट वाचलं. पुन्हा वाचलं. मग स्टूल ओढून स्क्रीनसमोर बसली आणि कविता सावकाश वरपासून खालपर्यंत वाचली.

“पप्पा, नाही चालणार हे,” ती म्हणाली. “हे फार चांगलं झालंय. एवढ्याने मम्मी चिडणार नाही. उलट खूश होऊन तिथेच बसेल.”

सरांनी चिंतेने स्क्रीनकडे पाहिलं. हा दोष त्यांच्या ध्यानात आला नव्हता.

“तुमचा तो एक नियम आहे ना? सगळं आपोआप विस्कटत जातं, तो?”

“थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा.”

“तो टाका. घराचं सांगा. शिवणाच्या खोलीचं. मम्मीला भौतिकशास्त्र सहन होईल, पसारा नाही होणार.”

दोघं दोन स्टुलांवर खांद्याला खांदा लावून अर्धा तास बसली. लग्नपत्रिकेचं एक गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं, सुधाकरने त्याला थांबवलं नाही. शेवटी खाली चार ओळी वाढल्या:

‘बंद खोलीत पसारा आपोआप वाढतो. नियम दुसरा.
तुझ्या मशीनवर माझे तीन शर्ट आहेत, एक ओला.
टाचण्यांच्या डबीत नॅन्सीने बिस्किटं ठेवली आहेत.
नियमाविरुद्ध एकदा येऊन जा.’

“बिस्किटं खरंच ठेवलीत?” सरांनी विचारलं.

“आज ठेवते,” नॅन्सी म्हणाली.

सुधाकरने स्वतःहून कार्डाच्या खाली छापखान्याचं नाव टाकलं, ठळक अक्षरांत, पत्त्यासकट. कात्री घेऊन यायचंच झालं तर चुकामूक नको.

मिस्साला तो पांढरा सदरा घालून गेला. कार्डं वाटली गेली, मावश्या हसल्या, मग एकमेकींना धरून रडल्या. नंतर हॉलमध्ये चहा-सँडविच होतं. सर दाराकडे तोंड करून बसले होते, नॅन्सीने शेजारची खुर्ची कोणाला घेऊ दिली नाही. हॉल रिकामा झाला, खुर्च्या रचून झाल्या, आणि ती एक तेवढी मागायला चर्चची देखभाल करणारा सॅक्रिस्टन आला.

सोमवारी सर दुकानात आले. प्रयोगवहीचं पान लॅमिनेट करून हवं होतं. निरीक्षण भरलेलं होतं.

‘तीनशे कार्डे वाटली. आग्नेस आली नाही.’