रिकाम्या खोलीची रेघ

आमच्या प्रयोगशाळेत एक रीत आहे. लेझरचं यंत्र कामाला लावण्याआधी रिकाम्या खोलीची हवा मोजायची आणि तेवढा वेळ सगळ्यांनी बाहेर थांबायचं. हवेतला कणभर वायूही हुडकणारं हे यंत्र. माणसाच्या नुसत्या श्वासानेही पडद्यावरची त्याची रेघ वर चढते. रिकामं म्हणजे किती रिकामं, हे आधी कळल्याशिवाय त्यात काय आलं ते सांगता येत नाही.

घराचंही तसंच असेल. आई गेल्यापासून ते मोजायचं मी टाळते आहे. भेटायला माणसं यायची, मी पाणी द्यायची, पेले विसळायची. रडू काही आलं नाही. स्वतःच्या आत हात घालून पाहावं, तर हाताला काही लागत नाही.

आज पुन्हा कामावर आले. यंत्र सुरू केलं आणि शेजारच्या स्टुलावर तशीच बसून राहिले. पंप घुरघुरत हवा ओढत होता. त्या आवाजात बरं वाटत होतं असंही नाही.

पलीकडच्या खोलीत पडद्यासमोर सुनंदाताई होत्या. हे यंत्र आम्ही दोघींनी मिळून बांधलेलं.

"अगं, रेघ खाली येईना," त्या तिथूनच ओरडल्या. "कार्बन डायऑक्साइड वाढतोच आहे. आत कोण राहिलंय?"

मी मान वळवून खोलीभर पाहिलं. टेबल, आरसे, नळ्या.

"कोणी नाही," मी म्हणाले.

ताई दारात आल्या.

"तू आहेस की गं."