कमी पडलेला रोट

दोन वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या घरी कानबाई देवीच्या प्रसादाचा एक रोट कमी पडला आणि त्याचा आळ काकूवर आला. तो रोट मी नेला होता. हे मी अजून घरी कुणाला सांगितलेलं नाही.

आम्ही मूळचे खानदेशातले, राहतो सुरतेत, डिंडोलीत. वडील डाइंग मिलमध्ये आहेत. आई घरीच साड्यांवर टिकल्या चिकटवते. आमच्यात कॉलेजला गेलेला मी पहिला. मराठी शाळेत शिकून गुजराती कॉलेजात आलो, तेव्हा पहिले काही महिने वर्गात मान खाली घालून बसायचो. विषय मानसशास्त्र घेतला होता. तो का घेतला, हे विचारलं तर मला नीट सांगता येणार नाही. फॉर्म भरणाऱ्या माणसाने विचारलं आणि मी हो म्हटलं.

हजेरीच्या क्रमाने बसायचं असल्यामुळे माझ्या शेजारी ती आली. आमची आडनावं एकाच अक्षराने सुरू होत होती, एवढंच कारण. ती बमरोलीहून यायची. तिचे वडीलही मिलमध्येच होते आणि तीही मराठी शाळेतली. मॅडम गुजरातीत बोलायच्या आणि आम्ही दोघं ते गुजराती मराठी अक्षरांत लिहून घ्यायचो. पहिल्यांदा तिने माझ्या वहीत डोकावून पाहिलं आणि हसली.

"तूही असंच लिहितोस? मला वाटलं, मी एकटीच ढ आहे."

त्या एका वाक्यावर मी बरेच दिवस जगलो.

दुसऱ्या वर्षी मॅडमनी आकर्षणाचा पाठ शिकवला. माणसाला माणूस का आवडतो, तर तो जवळ असतो म्हणून, आपल्यासारखा असतो म्हणून, आणि आपण त्याला आवडतो असं वाटतं म्हणून. मी वहीच्या शेवटच्या पानावर तीन ओळी लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे बरोबरची खूण केली. जवळ, तर एकाच बाकावर. सारखे, तर एवढे सारखे की अक्षरसुद्धा सारखं. तिसऱ्या ओळीपुढे खूण करायला मला दोन दिवस लागले. ती माझ्यासाठी बसस्टॉपवर थांबायची, मी आलो नाही तर माझ्या नोट्स लिहून ठेवायची. मी खूण केली. पुस्तकात छापलेलं आहे म्हटल्यावर खरंच असणार, असं मला वाटायचं. आमच्या घरात पुस्तकाशी वाद घालणारं कुणी नव्हतंच.

काकूला मात्र मी तो पाठ वाचून दाखवला होता. काका-काकू कोसाडला राहतात. काकू चौथीपर्यंत शिकलेली. आली की माझं पुस्तक उघडून बसायची, गुजराती अक्षर लागत नाही म्हणून मला मराठीत सांगायला लावायची. तो पाठ ऐकून ती खूप हसली होती.

"एवढासाठे कॉलेज लागस का रे? जवळ बसा, संगे जेवा, मानूस आपोआप आवडस."

मग ती आई ऐकत नाहीसं पाहून हळूच म्हणाली, "कोन शे ती?"

मी पुस्तक मिटलं. तिनेही पुन्हा विचारलं नाही. फक्त त्या दिवशी माझ्या ताटात भाजी जास्त वाढली.

मग श्रावण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. थोरलं घर आमचं, म्हणून काका-काकू आमच्याकडे येतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा माप गहू दळतात आणि त्याचे रोट करतात. ते रोट फक्त आमच्या कुळातल्यांनी खायचे. बाहेरच्याला घासही द्यायचा नाही. खाताना कण खाली सांडू द्यायचा नाही, हात धुतलेलं पाणीसुद्धा एकाच जागी ओतायचं. सोमवारी देवीचं तापीत विसर्जन होतं आणि उरलेले रोट पुनवेच्या आत घरच्यांनीच संपवायचे असतात. काकूच्या माहेरचं कूळ वेगळं. तिचा सख्खा भाऊ दोन गल्ल्या सोडून राहतो, तो या दिवसांत आला तर त्याला चहा देतात, रोट देत नाहीत. इतकं ते पक्कं आहे.

मंगळवारी सकाळी आई नळावर होती. मी टोपलीवरचं पांढरं फडकं बाजूला केलं, एक रोट घेतला आणि डब्यात घातला.

माझा विचार साधा होता. जी वस्तू फक्त घरच्या माणसाला देतात, ती तिला दिली की वेगळं काही बोलावं लागणार नाही. मला बोलायची भीती वाटत होती. तिच्याही घरी कानबाई बसते, तेव्हा ती समजेल, असं मला वाटलं. इथपर्यंत माझं बरोबरच होतं. ती समजली.

मधल्या सुट्टीत मी डबा उघडला. तिने पाहिलं आणि लगेच झाकण लावलं.

"पागल आहेस का? रोट बाहेर आणलास?"

"घरचं माणूस समजून आणला," मी म्हणालो. हे वाक्य मी बसमध्ये किती तरी वेळा मनात म्हणून पाहिलं होतं.

मी तिच्याकडे न बघता डब्याकडे बघत होतो. मग तिने झाकण काढलं, एक तुकडा मोडला, तळहातावर घेऊन नीट खाल्ला आणि सांडलेले दोन कण बोटाने उचलून तोंडात टाकले. आयुष्यात इतका आनंद मला पूर्वी झालेला नव्हता, हे लिहायला आज लाज वाटते.

"चल," ती म्हणाली, "आता मी तुमच्या कुळातली झाले. भावकीतली."

मी हसलो. मला अजून कळलं नव्हतं.

"पुढच्या आठवड्यात राखी आहेच. आणि मार्गशीर्षात माझं लग्न ठरतंय, मुलगा नंदुरबारकडचा आहे. तेव्हा कामाला यायचं. भाऊ म्हणून पंगतीत वाढायचं, नुसतं जेवून पळायचं नाही."

तिच्या आवाजात चेष्टा होती, पण डोळ्यांत नव्हती. तिला सगळं कळलं होतं, बहुतेक माझ्याआधी. एका कुळातल्या मुलामुलींचं लग्न होत नाही, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. मी स्वतःच्या हाताने रोट देऊन तिला बहीण करून टाकलं होतं. तिने फक्त तो खाल्ला. मला नाही म्हणायची याहून सभ्य रीत कुणाला सापडली असती, मला माहीत नाही. त्या सभ्यपणाचाच मला जास्त राग आला. उरलेला रोट मी संपवला. टाकता तर येत नव्हता.

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा काका-काकू कोसाडला निघायच्या तयारीत होते. काकू पिशवी भरत होती. आईने प्रत्येकाच्या वाट्याचे रोट मोजायला टोपली उघडली होती.

"एक रोट कमी शे," आई म्हणाली.

आईने पुन्हा मोजले. मग तिची नजर काकूच्या पिशवीवर गेली. काकू दुपारी भावाकडे जाऊन आली होती.

"तुना भाऊले दिधा का?"

"बाई, देवीनी आन शे. मी हात बी नही लाया."

"मंग रोटले पाय फुटनात का? पिशवी दखाड."

काकूने काकांकडे पाहिलं. काका चपलेचा पट्टा लावत राहिले. मग तिने पिशवी जमिनीवर ठेवली आणि एकेक वस्तू बाहेर काढली. दोन साड्या, कंगवा, आईनेच दिलेला ब्लाउजपीस, काकांच्या गोळ्या. शेवटी तिने पिशवी उलटी करून झटकली.

माझी बॅग दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली होती. त्यात रिकामा डबा होता आणि डब्यात रोटाचा वास होता. ती बॅग कुणी मागितली नाही. कॉलेजला जाणाऱ्या मुलावर कुणाचा संशय जात नाही. मला फक्त तीन शब्द म्हणायचे होते: मी नेला होता. पण त्यानंतर "कुणासाठी" हा प्रश्न आला असता. त्याचं उत्तर दुपारपासून माझ्याकडे नव्हतं. बहिणीसाठी, असं सांगायचं होतं का?

"खाई टाका व्हई तठेच," आई म्हणाली. म्हणजे पिशवीत नाही, तर भावाच्या घरी आधीच संपवला असणार. काकू वस्तू पुन्हा भरत होती. माझ्याकडे तिने पाहिलं की नाही, मला आठवत नाही. मी वहीचं पान उलटत होतो.

पुढच्या आठवड्यात तिने वर्गात मला राखी बांधली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मार्गशीर्षात तिचं लग्न झालं, मी पंगतीत वाढलं, आणि तिचं कॉलेज सुटलं. वार्षिक परीक्षेत आकर्षणाचा प्रश्न आला. मी तिन्ही कारणं उदाहरणांसकट लिहिली. चांगले मार्क पडले.

काकू त्यानंतर आमच्याकडे आली नाही. मागच्या श्रावणात काकांनी कोसाडला वेगळी कानबाई बसवली. आई म्हणाली, "चोराले आपली देवी पुरत नही." आमच्या घरचं दळण काकांच्या नावाएवढं कमी झालं.

यंदा रोटाच्या दिवसांत मी कोसाडला गेलो, सांगून टाकायचं ठरवूनच. काकूने दार उघडलं, पुस्तक आणलंस का विचारलं, आणि मी बसतो न बसतो तोच ताट पुढे ठेवलं. ताटात रोट होता.

"काकू, मले काही सांगनं शे."

"पहिले खाय. तुना हक शे."

मी खाल्ला. एक कणही सांडू दिला नाही. हात धुवायला तिने स्वतः पाणी घातलं. मग तिने शेजारीण आली म्हणून तिच्याशी बोलणं काढलं, आणि मी तासभर बसून परत आलो, काहीच न सांगता. तिने मला बोलू दिलं नाही की मीच बोललो नाही, हे बसमध्ये मी स्वतःला विचारत होतो. उत्तर मला माहीत होतं.

आमच्या घरात हे लिहिलेलं कुणी वाचणार नाही. आईला वाचता येत नाही, वडील मिलमधून आल्यावर झोपतात. मराठी वाचणारी एकटी काकूच आहे.