टाचेतला काटा आणि पिकलेली झोप

जाग्या माणसाच्या पायातला काटा काढणं हा अन्याय आहे, असं मानणारा माणूस अख्ख्या मावळात एकच झाला आणि तो नेमका सासरा म्हणून माझ्या वाट्याला आला! माझ्या सासुरवाडीला, टाकव्यात, कुणाच्या पायात काटा मोडला, की सासरे आधी त्याला भरपेट पिठलं-भात खाऊ घालत, ओसरीवर आडवं करत आणि सुई घेऊन पायाशी बसत. त्यांचं म्हणणं, झोपेला थर असतात. वरच्या झोपेत टोचलं की पाय झटका देतो. पापण्यांखाली बुबुळं पळू लागली की माणूस स्वप्नात, तेव्हा पायाचा नेम नाही. खालच्या गाढ झोपेत मात्र पाय सुईला दादच देत नाही. घाईत आलेल्या वाण्याने "जागेपणीच काढा हो," म्हटलं, तर त्याला सुईसुद्धा दाखवली नाही.

पानशेत फुटलं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात करवंदं तोडताना माझ्या टाचेत काटा मोडला. मी लोणावळ्याला तिकीट खिडकीवर होतो आणि पुन्हा गैरहजर राहिलात तर बदली, अशी साहेबांची तंबी होती. संध्याकाळची गाडी गाठायलाच हवी होती. मी अक्षरशः हात जोडले.

"मामा, आत्ताच उपटा. मी ओरडणार नाही."

"तुमी न्हाई वरडनार, पर पाय वरडंल की! निजा गुमान, पाव्हनं."

आता पायाशी सासरा सुई घेऊन बसलाय म्हटल्यावर जावयाला झोप कशी लागावी? पण ऐकतो कोण! बैलांच्या घुंगुरमाळा काढल्या, कोंबड्या हाकलल्या, माझ्याच बायकोला माझ्याशी बोलायची बंदी झाली. डोळा लागतो न लागतो तोच टोचलं. माझी लाथ बसून त्यांचा चष्मा अंगणात! तो पुसत म्हणतात कसे, "लय वरची झोप. पिकू द्या."

जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. गाडी गेली होती, काटा पळसाच्या पानावर होता आणि माझी टाच मांडीवर घेऊन सासरे बसल्या बसल्या घोरत होते. पुढे कर्जतच्या घामट्यात मी वर्षं काढली, ती त्या काट्यापायी. आजही आठवलं की डोकं फिरतं.

सासरे जाऊन बराच काळ झाला. परवा टाचेत काच शिरली. डॉक्टरांनी बोलता बोलता, जागेपणीच ती उपटली. मी केवढ्यांदा ओरडलो! "झालं, उतरा," म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. दुपारी घरी येऊन आडवा झालो. माझी झोप पिकायची वाट बघत पायाशी बसणारं आता कुणी नाही, ह्याचाही मला रागच येतो.